स्टेपनी बघितलीय का?

एक छोटीशी टेस्ट घेऊ या. तुमच्या गाडीचा ईएमआय किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. फोन ब्लूटूथला कसा जोडायचा, एसीचा कुठला मोड कधी लावायचा, ॲव्हरेज सिटीत किती आणि हायवेला किती... सगळं पाठ. आता सांगा, जॅक कुठे ठेवलाय? आणि तो फिरवायचा दांडा?

गप्प झालात ना! टेन्शन नका घेऊ, तुम्ही एकटे नाही. हा प्रश्न मी ओळखीतल्या बऱ्याच जणांना विचारून झालाय. उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. 'डिकीत असेल ना कुठेतरी', 'ॲप आहे की, बोलवायचं', आणि तिसरं, सगळ्यात गोड, 'बाबांना माहितीये'. आयटीतला एक मित्र तर छातीठोकपणे म्हणाला, माझ्या गाडीचे टायर ट्यूबलेस आहेत, पंक्चर होतच नाहीत. बॉस, होतात. हवा हळूहळू जाते, एवढंच.

शहरात हे सगळं खपून जातं. बाणेरला किंवा ठाण्यात टायर बसला तर कॉफी संपेपर्यंत माणूस येतो, काम करतो, तुम्ही यूपीआय करता, विषय संपला. पण आपण काय कायम बाणेरलाच गाडी फिरवतो का? पुण्यात हिंजवडी, वाकड, चाकणला नोकरी करणाऱ्यांत आमच्या बीड जिल्ह्याची पोरं-पोरी किती आहेत, हे दिवाळीच्या आदल्या दिवशी नगर रोडला वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की कळतं. बीड शहरात रेल्वे पोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये, तीही अहिल्यानगरहून येणारी. त्यामुळे आमचं घरी जाणं म्हणजे ट्रॅव्हल्स, एसटी, नाहीतर नवी-जुनी स्वतःची गाडी. ही गाडी शेवगाव सोडून पुढे गेली की ॲपवरचा तो गोल नुसता फिरत राहतो.

माझं आजोळ उमापूर. तालुका गेवराई, जिल्हा बीड, आणि पलीकडे लगेच शेवगाव तालुका लागतो. गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन, त्यात कापूस आणि ऊस. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांचे ट्रॅक्टर निघतात, तेव्हा रस्त्यावर माणसं, बैल, भांडीकुंडी, शेळ्या सगळं एकत्र चाललेलं असतं. तुमच्या चकाचक हॅचबॅकला त्याच रस्त्यावरून जायचं असतं.

आता 'स्टेपनी' या शब्दाची गंमत सांगते. आपण तो इतका सहज वापरतो की अस्सल देशी वाटावा. (त्याचा दुसरा, चावट अर्थ तुम्हाला माहीत असेलच, तो इथे नको.) पण हा शब्द आलाय वेल्समधून. १९०४ साली तिथल्या लानेली नावाच्या गावात डेव्हिस नावाच्या दोन भावांनी एक जादा चाक तयार केलं. तेव्हाच्या मोटारींना जादा चाक मिळतच नसे. पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर उकलायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं. या भावांनी आऱ्या नसलेली एक रिम घेतली, तिच्यावर हवा भरलेला टायर चढवला आणि ती बसलेल्या चाकालाच बाहेरून आवळून टाकायची सोय केली. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. गल्लीचं नाव कंपनीला मिळालं, कंपनीचं चाकाला. त्या ब्रिटिशांच्या देशात आज हा शब्द कुणी फारसा वापरत नाही, पण गेवराईच्या स्टँडवर कुठल्याही जीपवाल्याला विचारा.

आणि हीच स्टेपनी आता गायब व्हायला लागलीय. २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. गाडीचे टायर ट्यूबलेस असतील, टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर काढायचं किट दिलेलं असेल, तर प्रवासी गाडीत जादा चाक ठेवायची सक्ती नाही. ऑक्टोबर २०२० पासून हे लागू आहे. जागा वाचते, वजन वाचतं, कंपनीचे पैसेही वाचतात. किटने छोटं भोक बुजतं हे खरं, पण टायरची कड फाटली तर किट काय करणार? नवी गाडी घेताना शोरूममधली मुलगी टचस्क्रीन दाखवत असेल, तेव्हा तुम्ही डिकी उघडायला सांगा आणि कार्पेट उचला. खाली चाक आहे, की फोमचा डबा? मी तर म्हणते, ज्याला गावी जायचंय त्याने हा प्रश्न मायलेजच्या आधी विचारावा.

मला हे सगळं शिकवलं मामाने. मामा तरुणपणी टायरगाडीवाला होता. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, ऊसतोडीत टायरगाडी म्हणजे रबरी टायरची बैलगाडी. नवरा-बायकोची जोडी दिवसा ऊस तोडते, मोळ्या बांधून गाडीत रचते आणि मग गाडी कारखान्यावर जाते. वजनकाट्याला रात्र रात्र रांग. अशा भरल्या गाडीचं चाक फडापासून कारखान्यापर्यंत कुठेही बसू शकतं. ॲप नाही, त्या काळी फोनही नाही. मामी सांगते, एकदा निम्मी गाडी उतरवून, चाक काढून, पुन्हा सगळी भरली होती त्यांनी. बैल सोडून बाजूला बांधलेले, मामी हातात बॅटरी धरून उभी. ती हे सांगते तेव्हा तिच्या आवाजात कौतुक वगैरे काही नसतं. भाकरी करपली होती एकदा, असं सांगावं तसं सांगते.

तर मी सेकंडहँड गाडी घेऊन पहिल्यांदा उमापूरला गेले, तेव्हा मामाने गाडीभोवती एक चक्कर मारली. रंग वगैरे काही बघितला नाही. म्हणाला, "पोरी, चाक काढता येतंय का?" मी म्हटलं, शिकव. मग त्याने अंगणात माझ्याकडून चारही चाकं एकेकदा काढून बसवून घेतली. मामा नुसता बाजेवर बसून होता. गाडीला हातसुद्धा लावला नाही त्याने. "ताकदीचं काम न्हाई हे. आधी काय अन् मंग काय, तेवढं ध्यानात ठेव."

आधी काय आणि मग काय, खरंच एवढाच फंडा आहे. बहुतेकांचं गणित चुकतं ते पहिल्याच पायरीला. चाक बसलं की आपण घाईघाईने जॅक लावतो, गाडी उचलतो आणि मग नट सोडवायला जातो. चाक हवेत, त्यामुळे नटाबरोबर तेही गरागरा फिरतं. जोर लावावा तर गाडी जॅकवर हलायला लागते. म्हणून नट आधी, चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच, अर्धा-एक फेरा ढिले करायचे. काढायचे नाहीत, नुसते ढिले. मग जॅक.

गेल्या दिवाळीनंतर या धड्याची परीक्षा झाली. भाऊबीजेला आईला घेऊन चालले होते. बोधेगाव मागे पडलं, दुपार कलायला लागलेली. स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं आणि खालून फडफड असा आवाज. अशा वेळी करकचून ब्रेक मारायचा नसतो. स्टिअरिंग घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि गाडीला आपोआप हळू होऊ द्यायचं. पार्किंग लाइट चालू केले आणि जरा पुढे, वळण संपून सरळ रस्ता दिसेल अशा ठिकाणी गाडी कडेला घेतली. बसलेल्या टायरवर फार अंतर जाऊ नका, रिमखाली चेंगरून त्याची कड फाटते आणि पंक्चरचं काम नव्या टायरवर जातं. पण वळणावर थांबण्यापेक्षा शंभर पावलं पुढे जाऊन टायर खराब झालेला परवडला. मागून उसाची डबल ट्रॉली येत असते आणि तिला ब्रेक लागायला वेळ लागतो.

आईने लगेच सांगितलं, "अगं, मामाला फोन लाव. पंधरा मिनिटांत येईल."

येईलही. पण पुढच्या वेळी चाक बसेल ते आंबेनळी घाटात किंवा सोलापूर रोडला, तिथे मामा कुठून आणू? मी आईला गाडीतून उतरवलं आणि रस्त्यापासून लांब, बांधावरच्या बाभळीखाली बसवलं. गाडी जॅकवर असताना आत माणूस नको. मग नव्या गाडीबरोबर येतो तो लाल चमकता त्रिकोण, तो मागे पन्नासएक पावलांवर ठेवून आले. गाडीला चिकटवून ठेवला तर त्याचा उपयोग शून्य.

हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. (ऑटोमॅटिक असेल तर पी वर.) चाक पुढचं डावं होतं, म्हणून मागच्या उजव्या चाकाला पुढून-मागून दोन दगड लावले. बसलेल्या चाकाच्या तिरक्या समोरचं चाक, असं लक्षात ठेवा.

पान्याबद्दल मला जरा बोलायचंय. गाडीबरोबर जो पाना येतो तो टीचभर असतो. आणि टायरच्या दुकानात हवेच्या गनने 'घर्रर्र' करून नट इतके आवळतात की हाताने सुटता सुटत नाहीत. म्हणून लोकांना वाटतं, हे आपल्याच्याने, विशेषतः बायकांच्याने, होणार नाही. इथे ताकदीपेक्षा लांबी कामाची. दांडा जितका लांब, तितका जोर कमी. अधिकच्या चिन्हासारखा दिसणारा मोठा पाना मिळतो किंवा लांब होणारा पाना मिळतो, तो घेऊन ठेवा, एका पिक्चरच्या तिकिटाच्या आणि पॉपकॉर्नच्या पैशांत येतो. मामाने मला भंगारातून हातभर लोखंडी पाइप दिलाय. तो पान्याच्या दांड्यावर चढवायचा, दांडा डावीकडे आडवा येईल असा पाना नटात घालायचा आणि हळूच पायाने दाबायचं. उड्या मारायच्या नाहीत. माझं वजन पन्नास किलो आहे, तेवढ्यात नट 'कट्ट' करून सुटतो. आणि टायरच्या दुकानात पुढच्या वेळी सांगा, गनने नुसते लावा, शेवटचं आवळणं हातपान्याने करा. तोंड वाकडं करतील, करू देत.

अलॉय व्हील असतील तर आणखी एक भानगड. चोरी होऊ नये म्हणून काही गाड्यांना एक वेगळा नट असतो आणि त्याची वेगळी चावी. ती बहुतेक ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डिकीत जॅकच्या पिशवीत असते. आजच बघून ठेवा. ती हरवली असेल तर उरलेले तीन नट सोडवून काही उपयोग नाही.

जॅक लावायची जागा ठरलेली असते. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचा दिसतात, त्यांच्या मध्ये. दुसरीकडे लावला तर पत्रा आत जातो. आणि आमच्याकडची काळी माती! उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि दिवाळीच्या सुमाराला ती आतून ओली असते. डांबराच्या कडेला दिसायला घट्ट, पण गाडीचं वजन आलं की जॅक सरळ आत रुततो आणि तिरका होतो. म्हणून डिकीत वीतभर रुंद, जाड लाकडी फळी ठेवायची आणि जॅक तिच्यावर बसवायचा. पावसाळ्यात तर गाडी मातीत उतरवूच नका. फळी असली तरी.

गाडी उचलायला सुरुवात केली आणि मोटारसायकलवरून दोघं थांबले. मग कापूस वेचून येणाऱ्या दोन बायका थांबल्या. मग एक शेळ्यावाले आजोबा. त्या रस्त्यावर पाच मिनिटं कुणी एकटं उभं राहू शकत नाही, हे मला फार आवडतं. तिथे कुणी तुम्हाला तसंच सोडून जात नाही. पण मोटारसायकलवरचा दादा उतरला तो थेट हात पुढे करून. "सरका ताई, आण तो पाना. तुम्हाला न्हाई जमायचं."

इथे काय करायचं, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. उद्धटपणा नको, माणूस चांगल्या मनानेच आलेला असतो. पण पाना एकदा हातातून गेला की आपण बघ्यांत जमा. मी म्हटलं, "दादा, पाना राहू द्या माझ्याकडे. तुम्ही तेवढं मागे उभं राहून गाड्यांना हात दाखवता का? वळणावरून ट्रॉल्या येतायत." दादा क्षणभर बघत राहिला. मग गेला आणि असा काही उभा राहिला की ट्रॅफिक हवालदार झक मारेल. खरं तर त्या क्षणी मला तीच मदत हवी होती. चाक मला काढता येत होतं, पण त्याच वेळी मागचा रस्ता बघायला डोळे कुठून आणणार?

कापूसवाल्या बायकांपैकी एक मात्र माझ्या शेजारी उकिडवी बसली. एकेक नट मी काढला की ती तो पदरात घ्यायची. "गवतात गेला म्हंजी सापडत न्हाई बाई." तिला हे कुठून माहीत, असं विचारलं तर म्हणाली, "आमची टायरगाडी हाय ना." पुढे काही बोलायची गरजच पडली नाही.

चाक काढायच्या आधी डिकीतून आणलेली स्टेपनी गाडीच्या पोटाखाली, जॅकच्या शेजारी आडवी सरकवायची. ही मामाची आवडती युक्ती. जॅक सटकलाच तर गाडी त्या चाकावर अडते आणि तुमचा हात किंवा पाय वाचतो. जुनं चाक निघालं की अदलाबदल करायची. जुनं आत, स्टेपनी बाहेर. आणि एक गोष्ट अगदी पक्की, गाडीखाली डोकं घालायचं नाही, काहीही पडलं तरी. गाडीबरोबरचा जॅक चाक बदलायपुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नसतं.

चाक जड असतं, ते हातांनी उचलून धरत बसलात तर कंबर जाईल. बुटाचं टोक चाकाखाली घालून पायाने उचला, हातांनी फक्त भोकं जुळवा. नटाची निमुळती बाजू चाकाकडे. आधी सगळे नट हातानेच फिरवून बसवायचे, मग पान्याने हलके. गाडी खाली घ्यायची, चाक जमिनीला टेकलं की शेवटचं आवळणं. आणि एकाशेजारी एक नाही. एक वरचा, मग त्याच्या समोरचा, मग बाजूचा, असं आडवं-तिडवं. नाहीतर चाक एका बाजूला दबून बसतं आणि पुढे हायवेला स्टिअरिंग थरथरतं.

सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. आई बाभळीखालून म्हणाली, "झालं? एवढंच असतं होय!" माझ्या वडिलांनी तीस वर्षं हे काम तिला आत बसवून, घामाघूम होत, चिडचिड करत केलं होतं. तिला वाटायचं, काहीतरी भयंकर चाललंय.

आता स्टेपनीची तब्येत. ती वर्षानुवर्षं अंधारात पडून असते, आणि तिची हवा आपोआप कमी होत राहते. ऐन वेळी काढली तर तीही बसलेली, असा अनुभव आलेले लोक तुम्हाला कुठल्याही ऑफिसात भेटतील. पेट्रोलपंपावर चार चाकांची हवा बघता तेव्हा पाचव्याचीही बघा, आणि तिच्यात दोन-तीन पॉइंट जास्तच ठेवा, नंतर कमी करता येते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. न वापरलेला टायरही म्हातारा होतो, रबर कडक होतं, भेगा पडतात. तुमची स्टेपनी बाकी चाकांपेक्षा बारीक दिसत असेल आणि तिच्यावर ८० असा आकडा लिहिलेला असेल, तर ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला आहे, ताशी ८० च्या आत. तिच्यावर पुण्यापर्यंत जाऊ नका. डिकीत सीएनजीचं सिलिंडर असेल तर मात्र चाक कसं बाहेर येतं, हे एकदा स्वतः काढून बघाच. काही गाड्यांत आधी निम्मं सामान रस्त्यावर मांडावं लागतं.

आणि आता उलटी बाजू. काही ठिकाणी स्वतः चाक बदलायचंच नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे किंवा समृद्धीवर, जिथे बाजूने ताशी १२० ने गाड्या जातायत आणि बसलेलं चाक रस्त्याच्या बाजूचं आहे, तिथे पाठ रस्त्याकडे करून उकिडवं बसणं म्हणजे शौर्य नाही. लाइट चालू करा, सगळ्यांना उतरवून रेलिंगपलीकडे न्या आणि फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लागतो, म्हणजे गेवराईजवळच्या धुळे-सोलापूर ५२ क्रमांकाच्या हायवेला तो चालेल. बाकी कुठेही अडचण असेल तर ११२. रात्री, वळणावर, पुलावर, घाटात तेच. चाक बदलता येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच इथे बदलायचं नाही हे ओळखणं. समृद्धीवर २०२३ मध्ये आरटीओवाल्यांनी गाड्यांचे टायर तपासून गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नाही. टायरमध्ये हवा कमी असली की त्याची कड सारखी दुमडत राहते आणि टायर तापतो. सिमेंटचा सरळ रस्ता, दुपारचं ऊन, तासन् तास एकच स्पीड... मग नुसता पंक्चर होत नाही, फुटतो. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की तो टायर बदलायचा. त्यावर 'अजून एक दिवाळी काढू' चालत नाही.

त्या दिवशी उमापुरात शिरल्यावर पहिलं काम केलं ते पंक्चरचं. हे उद्यावर टाकायचं नाही, कारण आता तुमच्याकडे स्टेपनी नाहीये. दुकानासमोर जुने टायर रचलेले, पाण्याची लोखंडी घमेली. मी टायरमधला खिळा काढला नव्हता, मुद्दाम. ट्यूबलेसमध्ये घुसलेला खिळा बऱ्याचदा हवा धरून ठेवतो आणि भोक कुठे आहे तेही दाखवतो. दुकानदाराने पक्कडीने ओढून काढला, हातावर घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाला, "पत्रीचा हाय." म्हणजे बैलाच्या पायाला पत्री ठोकतात, तिचा खिळा. ऊसतोडीला निघालेल्या कुणाच्या तरी बैलाचा निघून पडला असणार. बैल तिकडे पत्रीविना चालला असेल.

भोक टायरच्या मधोमध होतं, म्हणून पट्टी चालली. कडेला असतं तर चालत नाही, मग टायरच बदलावा लागतो. तसं कुणी 'चालतंय की' म्हणून पट्टी मारून द्यायला लागला तर नको म्हणा. दुकानदाराने पाणी टाकून बुडबुडे येतात का बघितलं, ३३ हवा भरली आणि विचारलं, स्टेपनी कुणी लावली. मामा तोवर येऊन उभा होता. तो काहीच बोलला नाही. खाली वाकला, पाना घेतला आणि मी लावलेले नट एकेक करून तपासले. एकही हलला नाही.

"पन्नास-साठ किलोमीटर गेल्यावर परत एकदा बघ," एवढंच म्हणाला, आणि आईच्या पिशव्या उचलून घराकडे चालू लागला.

हे तुम्हीही करा. चाक बदलल्यावर नट थोडे सैल होऊ शकतात, तेव्हा तासाभराने चहाला थांबाल तिथे पुन्हा पाना लावून बघायचा. आणि या रविवारी ब्रंचला जायच्या आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चाक काढून परत बसवा. वॉचमनकाका मदतीला धावत येतील, त्यांना खुर्ची द्या.